कोलेस्टेरॉलच्या गोळीने पाय दुखतात? बंद करण्याआधी हे वाचा

रोवणीचा हंगाम आटोपला की आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक तक्रार हमखास वाढते. "डॉक्टरसाहेब, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली तेव्हापासून मांड्या भरून येतात जी. उठता-बसता त्रास होतो. म्हणून गोळी बंद करून टाकली." बोलणारा कधी साठीतला शेतकरी असतो, कधी निवृत्त शिक्षक, तर कधी बचत गट चालवणारी पन्नाशीतली ताई. गोळी कधी बंद केली, असे विचारले की उत्तर येते, "झाले असतील दोन-तीन महिने."

आम्हा डॉक्टरांना भीती वाटते ती या दोन-तीन महिन्यांची. यातल्या काहींना हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असतो. काहींनी नागपूरला जाऊन स्टेंट बसवून घेतलेला असतो. काहींना दहा-पंधरा वर्षांचा मधुमेह असतो. पायाचे दुखणे रोज जाणवते. रक्तवाहिनीच्या भिंतीत पुन्हा साचत जाणारी चरबी मात्र जाणवत नाही. तिचा फायदा-तोटा कळतो तो एकदम, छातीत कळ आल्यावर किंवा अर्धे अंग लुळे पडल्यावर. गोळीचा त्रास डोळ्यांपुढे आणि उपयोग दृष्टीआड, अशी ही विषम लढाई आहे. म्हणून या गोळीच्या दुष्परिणामांबद्दल नीट समजून घेऊ या. त्रास खोटा आहे, असे सांगण्यासाठी हा लेख नाही. त्रास झाला तर काय करायचे, हे सांगण्यासाठी आहे.

धानाच्या बुरशीतून आलेले औषध

कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या गोळ्यांना 'स्टॅटिन' म्हणतात. तुमच्या पाकिटावर अ‍ॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन असे नाव असेल. आपल्या रक्तातले बरेचसे कोलेस्टेरॉल जेवणातून येत नाही, ते शरीरातच तयार होते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. त्या प्रक्रियेतले एक महत्त्वाचे विकर म्हणजे एन्झाइम ही गोळी रोखते. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडले की ते रक्तातले 'एलडीएल' म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल ओढून घेते. रक्तवाहिन्यांत आधीच साचलेली चरबीची गाठही या गोळीने घट्ट होते आणि फुटण्याची शक्यता कमी होते. झटका येतो तो बहुतेकदा ही गाठ फुटून तिथे रक्त गोठल्यामुळे.

आपल्यासारख्या धानाच्या जिल्ह्याला आवडेल अशी एक गोष्ट या औषधामागे आहे. जपानमधल्या एका शेतकरी कुटुंबात वाढलेले शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी १९७१ पासून हजारो बुरशी तपासल्या. १९७३ मध्ये त्यांना हवा तो पदार्थ सापडला, तो क्योटो शहरातल्या धान्याच्या दुकानातून आणलेल्या तांदळावरच्या बुरशीत. पुढे १९८७ मध्ये या जातीचे पहिले औषध अमेरिकेत बाजारात आले. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियन देशांतल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सुमारे साडेपाच वर्षांत गोळी घेणाऱ्यांमधले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले होते. एन्डो २०२४ मध्ये नव्वदाव्या वर्षी वारले. त्यांच्या शोधावर आज जगभरातले कोट्यवधी लोक सुरक्षित आहेत.

दुखणे खरे, पण कारण गोळीच का?

स्टॅटिनने स्नायू दुखू शकतात, यात वाद नाही. प्रश्न आहे तो किती जणांना. २०२२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९ मोठ्या चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. सुमारे १ लाख २४ हजार लोकांपैकी निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली होती. कोणाला कोणती मिळाली, हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही. चार वर्षांहून थोड्या अधिक काळात खरी गोळी घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी स्नायूदुखीची तक्रार केली, तर खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्के लोकांनी. पहिल्या वर्षात गोळी घेणाऱ्या पंधरा जणांचे स्नायू दुखत असतील, तर त्यातल्या साधारण एकाचेच दुखणे खरोखर गोळीमुळे असते. हा जादा त्रास प्रामुख्याने पहिल्या वर्षात दिसतो.

मग बाकीच्या चौदा जणांचे काय? त्यांचे दुखणेही खरेच असते. लंडनमध्ये एक वेगळाच प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०२० मध्ये आला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभर दर महिन्याला एक बाटली दिली. चार महिने खरी गोळी, चार महिने खोटी गोळी आणि चार महिने रिकामी बाटली, असा उलटसुलट क्रम होता. त्रासाला रोज शंभरपैकी गुण द्यायचे होते. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८ गुण पडले, खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३ आणि खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४. गोळी घेतल्याने त्रास वाढला, पण खरी आणि खोटी यांत फरक जवळजवळ नव्हताच. 'या गोळीने त्रास होतो' ही धास्तीच शरीरात खरे दुखणे उभे करते. याला वैद्यकशास्त्रात 'नोसिबो' म्हणतात. स्वतःचे निकाल पाहिल्यावर त्या साठांपैकी निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

गोळीचे दुखणे ओळखावे कसे?

स्टॅटिनमुळे होणाऱ्या स्नायूदुखीची काही लक्षणे ठरलेली आहेत. ती दोन्ही बाजूंना सारखी असते. मांड्या, कुल्हे, पोटऱ्या, खांदे अशा मोठ्या स्नायूंत दुखते किंवा जडपणा येतो. बसलेले असताना उठायला, जिना चढायला जड जाते. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर बहुतेकदा चार ते बारा आठवड्यांत त्रास सुरू होतो. गोळी थांबवली की दोन ते चार आठवड्यांत तो ओसरतो. पुन्हा सुरू केली की पुन्हा येतो.

एकच गुडघा दुखणे, कमरेतून पायात कळ जाणे, रात्री पायात गोळे येणे, तळपायाची आग होणे यांचा दोष सहसा गोळीकडे जात नाही. आमच्या भागात नेहमी दिसणारी इतर कारणे अशी:

• कष्ट. दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून पऱ्हे लावले, तर कोणाच्याही मांड्या आणि कंबर धरणार. गोळी जूनमध्ये सुरू झाली आणि रोवणी जुलैत आली, तर दोष गोळीवर येतो.

• चिकनगुनिया. ताप उतरून गेला तरी सांधे महिनोन्‌महिने दुखत राहतात.

• थायरॉइडची कमतरता. यात स्नायू दुखतात आणि कोलेस्टेरॉलही वाढते. थायरॉइडचे उपचार न करता स्टॅटिन दिली, तर स्नायूंना त्रास होण्याचा धोकाही वाढतो. म्हणून 'टीएसएच' ही तपासणी महत्त्वाची.

• 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता आणि मधुमेहामुळे नसांना झालेली इजा.

• सिकलसेल. आपल्या जिल्ह्यात हा आजार आहे. त्यात होणाऱ्या हाडांच्या वेदना कोणत्याही गोळीच्या माथी मारू नयेत.

एका दुखण्याकडे विशेष लक्ष द्या. ठरावीक अंतर चालले की पोटरी दुखते, थांबले की दोन-चार मिनिटांत बरे वाटते, पुन्हा चालले की पुन्हा दुखते. विडी किंवा तंबाखूची सवय असलेल्यांत आणि मधुमेहींमध्ये हे पायाच्या रक्तवाहिनीत अडथळा असल्याचे लक्षण असू शकते. त्यावरच्या उपचारात हीच स्टॅटिनची गोळी लागते. पाय दुखतो म्हणून ती बंद करणे म्हणजे आजार वाढवणे.

खरा धोका: सोबतची दुसरी औषधे

क्वचित, हजारो लोकांत एखाद्याला, स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात. त्यातून बाहेर पडलेले द्रव्य मूत्रपिंडात अडकते आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकते. असह्य स्नायूदुखी, हातपाय उचलता न येणे आणि कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद लघवी ही त्याची खूण. असे झाले तर गोळी लगेच थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अशा वेळी वाट पाहायची नसते.

हा प्रकार बरेचदा एकट्या स्टॅटिनने होत नाही. दुसऱ्या औषधाची जोड मिळाली की होतो. सेरिव्हास्टॅटिन नावाचे औषध याच कारणाने २००१ मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. त्यात जेमफायब्रोझिल या दुसऱ्या औषधासोबत ते घेणाऱ्यांना अधिक धोका दिसला होता.

आपल्याकडे सर्वाधिक सांभाळायची जोडी वेगळी आहे. पावसाळ्यात ओल्या कपड्यांमुळे आणि चिखलामुळे गजकर्ण, नायटा यांची साथच असते. त्यावर इट्राकोनॅझोल नावाची कॅप्सूल सर्रास दिली जाते. अनेक जण ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवायही घेतात आणि महिनोन्‌महिने खातात. ही कॅप्सूल यकृतात सिम्व्हास्टॅटिन आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन यांचे विघटन अडवते, त्यामुळे रक्तातले त्यांचे प्रमाण बरेच वाढते. हृदय अशक्त असलेल्यांना इट्राकोनॅझोल तसेही चालत नाही. घसा किंवा छातीच्या संसर्गावर दिल्या जाणाऱ्या क्लॅरिथ्रोमायसिन, इरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकांचेही तेच. त्वचारोगाच्या डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्या भाऊंना 'मी कोलेस्टेरॉलची गोळी घेतो' एवढे सांगितले, तरी पर्यायी औषध निवडता येते, स्टॅटिनचा डोस कमी करता येतो किंवा तेवढे दिवस ती थांबवता येते.

आणखी एक घोटाळा नेहमी दिसतो. सरकारी दवाखान्यातून अ‍ॅटोरव्हास्टॅटिन मिळते आणि खासगी डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीवर रोसुव्हास्टॅटिन असते. पाकिटांचा रंग वेगळा, नाव वेगळे; रुग्ण दोन्ही घेत राहतो. म्हणजे एकाच जातीच्या औषधाचा दुहेरी डोस होतो. वय जास्त, अंगकाठी बारीक, मूत्रपिंडाचा आजार किंवा मोहफुलाच्या दारूचे व्यसन असेल, तर धोका आणखी वाढतो.

कॅप्सूल बंद करताना दहादा विचार करा

स्टेंट बसवलेल्या अनेकांना एकाच कॅप्सूलमध्ये तीन औषधे दिलेली असतात: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन. पहिली दोन रक्त गोठू न देण्यासाठी असतात. रुग्णाच्या लेखी ती 'कोलेस्टेरॉलची गोळी' असते. पाय दुखतात म्हणून त्याने ती सोडली, तर रक्त पातळ ठेवणारी औषधेही त्याच दिवशी बंद होतात. नव्या स्टेंटमध्ये अशाने रक्ताची गुठळी होऊन अचानक मृत्यूही येऊ शकतो. त्यामुळे स्टेंट असलेल्या माणसाने स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नये. त्रास होत असेल तर डॉक्टर स्टॅटिन वेगळी काढून बाकीची दोन औषधे सुरू ठेवतात. एवढा एक मुद्दा जरी घरोघरी पोहोचला तरी काही जीव वाचतील.

त्रास होतोय, मग करायचे काय?

पहिली पायरी म्हणजे नोंद. गोळी कधी सुरू झाली, दुखणे कधी सुरू झाले, कुठे दुखते, त्या आठवड्यात कोणते जड काम केले आणि दुसरे कोणते औषध घेतले, हे कागदावर लिहा. लिहिता येत नसेल तर मुलाला किंवा नातीला सांगा. घरातली सगळी पाकिटे पिशवीत घालून आणा, त्यात जडीबुटीची पुडीही येऊ द्या.

दुसरी पायरी तपासणी. 'सीके' नावाच्या रक्ततपासणीत स्नायूंची इजा कळते. पण जड कामानंतर ती कोणाचीही वाढते. म्हणून रोवणी किंवा कापणीच्या भर दिवसांत केलेली 'सीके' पाहून लगेच घाबरू नका. दोन-तीन दिवस विसावा घेऊन तपासणी करणे बरे. सोबत थायरॉइड, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या होतात.

तिसरी पायरी म्हणजे डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेतलेली सुटी. गरज वाटली तर डॉक्टर दोन ते चार आठवडे स्टॅटिन थांबवतात. दुखणे गेले नाही, तर गोळी निर्दोष ठरते. गेले, तर चौथी पायरी येते: कमी डोसने किंवा दुसऱ्या स्टॅटिनने पुन्हा सुरुवात. रोसुव्हास्टॅटिनचे रक्तातले प्रमाण आशियाई लोकांत तुलनेने जास्त राहते, म्हणून ५ मिलिग्रॅमसारख्या लहान डोसनेही आपल्याकडे चांगले काम होते. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतात, त्यामुळे काहींना एक दिवसाआड गोळी दिली तरी चालते. ती सकाळी घ्या वा रात्री, फरक पडत नाही. रोज ठरलेली वेळ मात्र पाळा.

डोस कमी केला तर उपयोगही निम्मा होईल का? नाही. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला, तर एलडीएल जेमतेम आणखी सहा टक्के घटते. म्हणजे फायद्याचा मोठा वाटा लहान डोसमध्येच मिळतो. कमी पडलेले इझेटिमाइब या दुसऱ्या गोळीने भरून काढता येते. ती आतड्यातून होणारे कोलेस्टेरॉलचे शोषण अडवते आणि एलडीएल आणखी सुमारे २० टक्क्यांनी खाली आणते. ज्यांना स्टॅटिन अजिबात सोसत नाही, त्यांच्यासाठी बेम्पेडोइक अ‍ॅसिड हे औषध आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३,९७० रुग्णांच्या चाचणीत त्याने हृदयविकाराच्या मोठ्या घटना १३ टक्क्यांनी कमी केल्या. इंजेक्शनेही आहेत, पण ती महाग आहेत. बहुतेकांवर ती वेळ येत नाही. अमेरिकेतल्या बोस्टनमधल्या नोंदींनुसार, त्रासामुळे थांबवून पुन्हा सुरू करून पाहिलेल्यांपैकी दहातले नऊ जण वर्षभरानंतर कोणती ना कोणती स्टॅटिन घेत होते.

एलडीएल किती असावे, याचे लक्ष्यही ठाऊक असू द्या. भारतीय हृदयरोग संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण व्यक्तीचे १०० च्या खाली, जास्त धोका असलेल्यांचे ७० च्या खाली आणि झटका येऊन गेलेल्यांसारख्या अतिधोक्याच्या रुग्णांचे ५५ च्या खाली असावे. झटका, पक्षाघात किंवा स्टेंट झालेल्यांना आणि चाळिशीनंतरच्या बहुतेक मधुमेहींना गोळीची गरज पक्की असते. केवळ अहवालातला आकडा थोडा वर आहे, दुसरा कोणताही धोका नाही, अशांनी मात्र आहार, चालणे आणि तंबाखू सोडणे यांपासून सुरुवात करता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

यकृत, साखर आणि स्मरणशक्ती

यकृताच्या एका एन्झाइमची पातळी शंभरात एखाद्याची तिपटीहून अधिक वाढते. डोस कमी केल्यावर ती सहसा उतरते. गंभीर इजा अत्यंत दुर्मिळ आहे. यकृतावर चरबी आहे म्हणून स्टॅटिन टाळायची गरज नसते. साखर थोडी वाढू शकते, हे खरे. २०१० च्या एका एकत्रित अभ्यासात २५५ जणांनी चार वर्षे गोळी घेतली तर एकाला जादा मधुमेह झाल्याचे दिसले. तो बहुधा आधीच मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना होतो. वाचणारे झटके आणि पक्षाघात त्याहून बरेच जास्त असतात. स्मरणशक्ती कमी होते, असा पुरावा मोठ्या चाचण्यांत मिळालेला नाही. गरोदर किंवा गर्भधारणेच्या विचारात असलेल्या स्त्रियांनी मात्र डॉक्टरांशी बोलूनच निर्णय घ्यावा; गरोदरपणात ही गोळी सहसा थांबवतात.

घरगुती उपायांबद्दल

पाय दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी आणून रोज खाणे, ही स्टॅटिनपेक्षा मोठी चूक आहे. हृदयरुग्णांत या गोळ्या झटक्याचा धोका वाढवतात आणि मूत्रपिंडालाही इजा करतात. 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती भरून काढावी, पण त्याने स्टॅटिनची स्नायूदुखी टळते, असे २०२२ च्या अमेरिकी चाचणीत दिसले नाही. कोएन्झाइम क्यू-१० च्या महागड्या कॅप्सूलचाही खात्रीचा उपयोग सिद्ध झालेला नाही. शेक, कोमट पाण्याची आंघोळ, हलकी मालिश, भरपूर पाणी आणि एकदम जड काम सुरू न करता दोन-चार दिवसांत हळूहळू वाढवणे, हे उपाय बिनधोक आहेत. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल तांदळाच्या बुरशीच्या गोळ्यांत स्टॅटिनसारखेच द्रव्य असते, त्यामुळे त्याचे दुष्परिणामही तेच. त्यात फक्त डोस किती, हे कोणालाच ठाऊक नसते.

वर्तमानपत्रांचाही या गोळीशी संबंध आहे. डेन्मार्कमध्ये सुमारे पावणेसात लाख लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा स्टॅटिनविरुद्ध बातम्या छापून आल्यानंतर गोळी लवकर सोडणारे वाढलेले दिसले. लवकर सोडणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके २६ टक्के जास्त आणि हृदयाशी संबंधित मृत्यू १८ टक्के जास्त होते. आज त्या बातमीची जागा मोबाइलवरच्या चित्रफितींनी घेतली आहे. तसा निरोप आला तर पुढे पाठवण्याआधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

लक्षात ठेवा

• पाय दुखले तर गोळी स्वतःहून बंद करू नका. आठवडाभरात डॉक्टरांना भेटा.

• लघवी गडद झाली, हातपाय उचलेनासे झाले किंवा डोळे पिवळे झाले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात या.

• स्टेंट असेल तर कॅप्सूलमध्ये किती औषधे आहेत, ते आजच विचारून घ्या.

• गजकर्णाची कॅप्सूल किंवा कोणतेही प्रतिजैविक घेण्यापूर्वी 'मी स्टॅटिन घेतो' हे सांगा.

• दोन दवाखान्यांच्या चिठ्ठ्या असतील, तर दोन्ही एकाच डॉक्टरांना दाखवा.

• गोळ्या संपण्याच्या चार दिवस आधी पुढच्या महिन्याच्या घ्या. गावातल्या आशाताईंना विचारले तर जवळच्या आरोग्य केंद्रात त्या केव्हा मिळतील, ते कळेल.